चिनी दरबारासाठी लंडनमध्ये घडलेली गाणारी घड्याळे : वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात बीजिंगच्या राजवाडा संग्रहालयातील एका इंग्रजी घड्याळाचे छायाचित्र आम्ही छापले होते : माणसाच्या उंचीहून मोठे, सोन्याच्या मुलाम्याने झळाळणारे चार मजली घड्याळ आणि त्याच्या तळमजल्यावर हातात कुंचला धरून बसलेली एक छोटी युरोपीय आकृती. त्या छायाचित्रावर बरीच पत्रे आली. एकाच आशयाची पत्रे एकत्र करून निवडक प्रश्नांना येथे उत्तरे देत आहोत.

प्रश्न : अठराव्या शतकातील लंडनच्या कारागिरांनी इतकी खर्चिक घड्याळे खास चीनसाठी का घडवली? युरोपातील राजांना ती विकता आली नसती का?

उत्तर : युरोपातही अशा काही वस्तू विकल्या गेल्या, परंतु या धंद्याचा खरा आधार चीन होता आणि त्याच्या मुळाशी चहा आहे. अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये चहा श्रीमंतांपुरता न राहता घरोघरी पोहोचला, आणि त्या काळी तो चीनकडूनच घ्यावा लागे. उलट इंग्लंडकडून आवर्जून घ्यावे असे चीनला फारसे काही वाटत नसे. लोकरीच्या कापडाला दक्षिण चीनच्या उष्ण हवेत गिऱ्हाईक बेताचेच होते. त्यामुळे ईस्ट इंडिया कंपनीची गलबते जाताना चांदी भरून जात आणि येताना चहा भरून येत. चांदीचा हा ओघ थोडा तरी कमी करील अशा मालाच्या शोधात इंग्रज व्यापारी होते.

१७५७ मध्ये छिएनलोंग सम्राटाने युरोपीय व्यापार दक्षिणेतील ग्वांगझौ या एकाच बंदरापुरता बांधून टाकला. परदेशी व्यापाऱ्यांनी शहराच्या तटाबाहेरील वखारींतच राहावे आणि परवाना मिळालेल्या मोजक्या चिनी व्यापाऱ्यांशीच देवघेव करावी, असा नियम होता. या सगळ्या व्यवहारावर सम्राटाने थेट नेमलेला जकात अधिकारी देखरेख ठेवी. इंग्रज त्याला होप्पो म्हणत. या अधिकाऱ्याला आणि प्रांताच्या सुभेदाराला नववर्ष, सम्राटाचा वाढदिवस अशा प्रसंगी दरबारी नजराणा पाठवावा लागे. नजराण्यात काय असले म्हणजे बादशाही मर्जी राहते, हे दोघेही जाणून होते. मातेओ रिच्ची या जेझुइट नावाच्या ख्रिस्ती संघातील धर्मगुरूने १६०१ मध्ये वान्ली सम्राटाला आपोआप टोले देणारी घड्याळे भेट दिली होती. तेव्हापासून राजवाड्याला युरोपीय घड्याळांची ओढ लागलेली होती. छिएनलोंगच्या काळात ती शिगेला पोहोचली.

१७४९ मध्ये छिएनलोंगने दक्षिणेच्या सुभेदाराला एक हुकूम पाठवला. तुम्ही यापूर्वी पाठवलेली घड्याळे परदेशी बनावटीची नव्हती, यापुढे पाठवाल ती समुद्रापलीकडे घडलेलीच असली पाहिजेत, असा त्याचा आशय होता. या विषयातील इतर कोणत्याही कागदापेक्षा मला हा हुकूम महत्त्वाचा वाटतो. इंग्रजांनी आपली कारागिरी नेऊन चिन्यांना चकित केले, अशी कथा आपण नेहमी ऐकतो. प्रत्यक्षात बीजिंगमधील एका चोखंदळ गिऱ्हाइकाने आपल्याला काय हवे ते आधी सांगितले, ती मागणी होप्पोपर्यंत, त्याच्याकडून परवानाधारक व्यापाऱ्यांपर्यंत, तेथून गलबतांच्या कप्तानांपर्यंत आणि शेवटी लंडनच्या गल्लीबोळांतील कामगारांपर्यंत पोहोचली. ही घड्याळे लंडनमध्ये घडली खरी, परंतु ती कशी दिसावीत, किती मोठी असावीत आणि त्यांनी काय करून दाखवावे, हे पुष्कळ अंशी बीजिंगने ठरवले. पुढील सर्व उत्तरे वाचताना वाचकांनी हे ध्यानात ठेवावे, अशी विनंती आहे.

हा माल कंपनीच्या स्वतःच्या खात्यावर कमी आणि कप्तानांच्या व अधिकाऱ्यांच्या खासगी खात्यावर अधिक जात असे. गलबतावर त्यांना आपल्या मालासाठी ठराविक जागा मिळे. ग्वांगझौच्या वखारींत या घड्याळांना सिंग-साँग असे सुटसुटीत नाव पडले होते. होप्पो ती परवानाधारक व्यापाऱ्यांकडून पुष्कळदा मूळ किमतीच्या थोड्याशा अंशात घेई आणि उरलेला भार त्या व्यापाऱ्यांवर पडे. त्यांच्यातील काही पेढ्या पुढे कर्जात बुडाल्या, त्यामागच्या कारणांत सम्राटाची ही हौसही होती.

प्रश्न : या घड्याळांत गाणी कशी वाजतात, हत्ती सोंड कशी हलवतो, पाणी कसे वाहते? वीज नसताना हे सारे चालवणारी शक्ती कोणती?

उत्तर : शक्ती गुंडाळलेल्या पोलादी कमानीची, म्हणजे स्प्रिंगची. साध्या टेबलावरच्या इंग्रजी घड्याळात चक्रांच्या दोन मालिका असतात. एक काटे चालवते, दुसरी टोले देते. गाणाऱ्या घड्याळात तिसरी मालिका येते आणि ती बहुधा सर्वांत बळकट असते, कारण संगीताबरोबर हलत्या आकृतींचे ओझेही बहुतेक वेळा तिलाच वाहावे लागते. मोठ्या नमुन्यांत आकृतींसाठी आणखी वेगळ्या मालिकाही असतात आणि प्रत्येकीला स्वतंत्र चावी द्यावी लागते.

कमानीचा एक स्वभावदोष आहे. चावी भरलेली असताना ती जोराने ओढते आणि सुटत गेली की ढिली पडते. घड्याळाची चाल मात्र पहिल्या दिवशी आणि शेवटच्या दिवशी सारखीच हवी. यावर इंग्रज कारागिरांनी फ्यूझी हा जुना उपाय फार निगुतीने वापरला. फ्यूझी म्हणजे चक्राकार खाचा पाडलेला शंकू. कमानीच्या डबीपासून या शंकूपर्यंत सायकलच्या साखळीसारखी, पण तिच्याहून कितीतरी बारीक अशी पोलादी साखळी जाते. कमान जोरात असते तेव्हा साखळी शंकूच्या अरुंद टोकावर ओढते. कमान थकते तसतशी ती रुंद भागाकडे सरकते आणि कमी झालेला जोर त्रिज्येच्या वाढीने भरून निघतो. या साखळीची एकेक कडी हाताने तयार होत असे.

संगीताचा भाग पाहण्यासारखा असतो. यंत्राच्या मागे किंवा बाजूला एक पितळी रूळ असतो आणि त्याच्या पृष्ठभागावर शेकडो बारीक खुंट्या ठोकलेल्या असतात. रूळ सावकाश फिरू लागला की प्रत्येक खुंटी आपल्या वेळेला एका हातोडीची शेपटी उचलते आणि सोडून देते; हातोडी घंटेवर आपटते. घंटा एकाच दांड्यावर एकीत एक बसवलेल्या असतात, त्यामुळे आठ-दहा सुरांना लागणारी जागा अगदी थोडी होते. एकाच रुळावर अनेक चाली बसवण्याची युक्ती तर फारच सुंदर आहे : दुसऱ्या गाण्याच्या खुंट्या पहिल्या गाण्याच्या खुंट्यांच्या अगदी शेजारी असतात, आणि गाणे बदलताना सारा रूळच केसभर बाजूला सरकतो. मग पहिल्या गाण्याच्या खुंट्या हातोड्यांना न लागता निघून जातात आणि दुसऱ्या गाण्याच्या लागू लागतात. रूळ भरकन फिरून गाणे घाईत संपू नये म्हणून शेवटच्या चक्रावर एक छोटा पंखा असतो. हवेच्या रोधामुळे तो लय धरून ठेवतो. तासाचे टोले संपले की एक तरफ सुटते आणि ही सारी मंडळी कामाला लागतात. कित्येक घड्याळांत गाणे दर तीन तासांनीच वाजते, म्हणजे चावी लवकर उतरत नाही.

वाहणारे पाणी हे या घड्याळांचे सर्वांत मोहक अंग. धबधब्याच्या जागी पीळ घातलेल्या काचेच्या कांड्या उभ्या बसवलेल्या असतात आणि प्रत्येक कांडी आपल्याच अक्षाभोवती फिरते. पिळाच्या कडांवर पडलेला प्रकाश खाली खाली सरकताना दिसतो आणि डोळ्यांना पाणी पडत असल्याचा भास होतो. कांड्यांमागे आरसा असला तर एका धारेच्या दोन होतात. रत्नजडित फुले बहुधा खऱ्या रत्नांची नसून कापलेल्या काचखड्यांची असतात. खड्यामागे चकाकता वर्ख देऊन वर घट्ट कोंदण केलेले असते. अशी दोन फुले एकापुढे एक ठेवून उलट दिशांना फिरवली की प्रकाश चहूकडे उधळतो. हत्तीची सोंड, हंसाची मान, दारातून बाहेर येणारी मिरवणूक या सर्वांमागे चकत्या, तरफा आणि बारीक तारा असतात. राजवाडा संग्रहालयात लंडनचा एक नऊ मजली मनोरा आहे. संगीत सुरू झाले की त्याचे मजले एकामागून एक वर चढतात आणि पुन्हा खाली बसतात.

सोनेरी झळाळीविषयी दोन शब्द लिहिले पाहिजेत. पितळेवर किंवा काशावर सोने आणि पारा यांचे मिश्रण चोपडून ते तापवीत. पारा उडून जाई आणि सोने धातूला धरून राही. हा मुलामा दोनशे वर्षांनंतरही टवटवीत दिसतो, पण तो चढवणारे कामगार पाऱ्याची वाफ रोज छातीत घेत असत. त्यांची नावे कोणत्याही तबकडीवर नाहीत.

प्रश्न : छायाचित्रातील लिहिणारी आकृती खरोखर लिहिते की नुसता हात हलवते?

उत्तर : खरोखर लिहिते. हे घड्याळ लंडनच्या टिमोथी विल्यमसनच्या नावाचे, सुमारे १७८० चे आहे. युरोपीय पोशाखातील ती आकृती एक गुडघा टेकून बसलेली आहे आणि तिच्यापुढे छोटे मेज आहे. कुंचला शाईत भिजवून द्यायचा आणि मेजावर कागद ठेवायचा, एवढेच काम माणसाचे. पुढे आकृती आपल्या हाताने आठ चिनी अक्षरे काढते आणि लिहिता लिहिता तिचे डोकेही हलते. सर्वांत वरच्या मजल्यावर दोन आकृती एक गुंडाळी उलगडून धरतात. तिच्यावर सम्राटाला अनंत आयुष्य चिंतणारी अक्षरे आहेत.

हाताच्या मागे तीन प्रकारची कामे करणाऱ्या चकत्या आहेत. एक हाताला डावीउजवीकडे नेते, दुसरी पुढेमागे नेते आणि तिसरी कुंचला टेकवते व उचलते. चकतीची कडा जेथे उंच तेथे हात एका बाजूला झुकतो, जेथे खोल तेथे दुसऱ्या बाजूला. चिनी लेखनात फटकाऱ्यांचा क्रम ठरलेला असतो आणि प्रत्येक फटकारा कोठे दाबायचा, कोठे हलका सोडायचा, यालाही महत्त्व असते. त्या चकत्यांच्या कडा ज्याने घासल्या, त्याच्यासमोर जाणकार हाताचा नमुना असलाच पाहिजे. युरोपात त्याच सुमारास, १७७४ मध्ये, स्वित्झर्लंडच्या जाके-द्रो घराण्याने लिहिणारा मुलगा लोकांपुढे आणला होता. तो शाईत बुडवलेल्या पिसाने लॅटिन अक्षरे लिहितो. कुंचल्याचे काम त्याहून नाजूक आहे, कारण कुंचला दाबाप्रमाणे जाड-बारीक होतो.

आकृती जे लिहिते त्याचा अर्थ असा : आठही दिशांचे लोक सभ्यतेकडे वळतात आणि नवखंड भूमीतील लोक सम्राटाला मुजरा करायला येतात. हे वाक्य एक युरोपीय बाहुला गुडघा टेकून लिहितो. बीजिंगच्या गिऱ्हाइकाने ही घड्याळे घडवली, असे जे मी वर म्हटले, त्याचा याहून स्पष्ट पुरावा मला दाखवता येणार नाही. लंडनच्या दुकानातून निघालेल्या वस्तूच्या तोंडी चिनी दरबाराची जगाकडे पाहण्याची दृष्टी इतक्या नेमकेपणाने बसवलेली आहे.

प्रश्न : ही घड्याळे जोडीने का आढळतात?

उत्तर : राजवाड्याच्या दालनांत सिंहासनाच्या किंवा दाराच्या दोन्ही बाजूंना सारख्या वस्तू मांडण्याची पद्धत होती, म्हणून नजराण्याच्या वस्तू जोडीनेच मागवल्या जात. लंडनमध्ये त्या आरशातील प्रतिबिंबाप्रमाणे घडवीत. एका घड्याळातील हत्ती उजवीकडे पाहत असेल तर दुसऱ्यातील डावीकडे पाहतो. पुढे कित्येक जोड्या फुटल्या. एकटे घड्याळ पाहताना आकृतींचा कल एकाच बाजूला का आहे, असा प्रश्न पडला तर बहुधा त्याचे उत्तर हरवलेल्या जोडीदारात असते.

प्रश्न : एका संग्रहालयाच्या पुस्तिकेत जेम्स कॉक्स याच्या नावाची अनेक घड्याळे पाहिली. एका माणसाने इतके काम कसे केले?

उत्तर : त्याने ते स्वतः केले नाही. कॉक्स हा लंडनच्या फ्लीट स्ट्रीटलगत शू लेनमध्ये दुकान असलेला जवाहिऱ्या आणि सोनार होता, घड्याळजी नव्हता. कल्पना, भांडवल आणि विक्री त्याची. चक्रे, घंटा, कमानी, मीनाकारी, मुलामा ही कामे क्लार्कनवेल आणि आसपासच्या भागांतील वेगवेगळ्या कारागिरांकडून होत. तबकडीवरचे नाव म्हणजे पुष्कळदा ज्याने माल बाजारात आणला त्याचे नाव, एवढेच समजावे. कॉक्सच्या प्रसिद्ध रुपेरी हंसाच्या यंत्रामागे जॉन जोझेफ मर्लिन या कल्पक यंत्रकाराचा हात होता. हा हंस आज इंग्लंडमधील बोज संग्रहालयात आहे; काचेच्या कांड्यांच्या पाण्यावर तो मान वळवतो, पिसे साफ करतो आणि मासा पकडतो.

कॉक्सची कारकीर्द या धंद्याच्या चढउताराचे चांगले उदाहरण आहे. १७६६ मध्ये त्याने घडवलेला एक घड्याळाचा रथ आज न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. तो ढकलणारा चिनी सेवक आणि रथात बसलेली स्त्री यांच्यावर जडावाचे काम आहे. ग्वांगझौला पाठवलेला माल विकून पैसे हातात यायला फार काळ लागे आणि तोपर्यंत कारागिरांची देणी साठत जात. न विकलेल्या वस्तूंचा साठा वाढला तेव्हा कॉक्सने १७७२ मध्ये चेरिंग क्रॉसजवळील स्प्रिंग गार्डन्स येथे त्यांचे प्रदर्शन उघडले. प्रवेशाला अर्धा गिनी पडे, म्हणजे सामान्य लंडनकराला ते परवडणारे नव्हते. १७७३ मध्ये त्याने संसदेकडून सोडत काढण्याची परवानगी मिळवली आणि १७७५ मध्ये वस्तू सोडतीने दिल्या. तरीही १७७८ मध्ये त्याचे दिवाळे वाजलेच. रशियाच्या एर्मिताज संग्रहालयातील मोराचे घड्याळही त्याचेच. ते सुट्या भागांत पेट्यांत भरून तेथे पोहोचले आणि इव्हान कुलिबिन या रशियन यंत्रज्ञाने ते १७९० च्या दशकात चालू केले. त्यात वेळ पाहायची ती भूछत्राच्या टोपीत. छत्रावर बसलेला चतुर फिरून सेकंद दाखवतो.

कॉक्सचा मुलगा जॉन हेन्री कॉक्स बापाच्या मालाचा साठा विकण्यासाठी ग्वांगझौला गेला आणि तेथेच व्यापारी झाला. त्याच्या पेढीची भागीदारी बदलत बदलत मॅग्नियाक घराण्याकडे आली. हे घराणेही मुळात लंडनच्या घड्याळांच्या धंद्यातले. १८३२ मध्ये त्याच पेढीतून जार्डिन मॅथेसन ही कंपनी उभी राहिली आणि ती चीनमधील अफूच्या व्यापारातील सर्वांत बलाढ्य नावांपैकी एक ठरली. चांदीचा ओघ उलटा वळवण्याचे काम घड्याळांना कधीच जमले नसते. ते अफूने केले आणि त्याचे परिणाम चीनने शतकभर भोगले. नाजूक हंस आणि मनोरे पाहताना हा पुढचा इतिहास नजरेआड करू नये, असे मला मनापासून वाटते.

प्रश्न : छिएनलोंग सम्राटाने इंग्लंडच्या राजाला तुमच्या वस्तूंची आम्हाला गरज नाही, असे कळवले होते. मग त्याच्याच राजवाड्यात इतकी इंग्रजी घड्याळे कशी?

उत्तर : दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि त्यांत मला विसंगती दिसत नाही. १७९३ मध्ये लॉर्ड मॅकार्टनी हा तिसऱ्या जॉर्ज राजाचा वकील म्हणून सम्राटाला भेटला. आणखी बंदरे उघडावीत आणि बीजिंगमध्ये इंग्रजांचा कायमचा वकील राहू द्यावा, या त्याच्या मुख्य मागण्या होत्या. विलक्षण वस्तूंचे आम्हाला मोल नाही आणि तुमच्या देशाच्या मालाची गरज नाही, हे सम्राटाचे उत्तर या मागण्यांना होते. ते राजकीय उत्तर होते. आवडीनिवडीचा कबुलीजबाब नव्हता.

सम्राटाची आवड काय होती, हे खुद्द मॅकार्टनीनेच लिहून ठेवले आहे. जेहोल येथील उन्हाळी राजवाड्याच्या बागेत त्याला एकामागून एक मंडप दाखवण्यात आले. त्यांत युरोपीय खेळणी, ग्रहगोल, घड्याळे आणि गाणारी यंत्रे इतक्या संख्येने आणि इतक्या उत्तम कारागिरीची होती की आपण आणलेल्या भेटी त्यांच्यापुढे लपवाव्यात, असे त्याला झाले. बीजिंगजवळच्या युआनमिंगयुआन राजवाड्यात, सिंहासनाच्या दालनात, त्याला लंडनच्या लेडनहॉल स्ट्रीटवरील जॉर्ज क्लार्क या घड्याळजीच्या नावाचे एक जुने गाणारे घड्याळ दिसले. ते लंडनच्या रंगभूमीवर गाजलेल्या चालींसह बारा इंग्रजी चाली वाजवत असे. आपल्या देशाची कारागिरी दाखवून सम्राटाला दिपवण्यासाठी निघालेल्या वकिलाला, ती कारागिरी सिंहासनाजवळ आधीच मांडलेली आढळली. मॅकार्टनीची मोहीम ज्या समजुतीवर उभी होती, ती समजूत मला तेथेच कोसळलेली दिसते.

छिएनलोंग १७९९ मध्ये वारला. त्याच्यानंतरचा जियाछिंग सम्राट अशा वस्तूंकडे चैन म्हणून पाहत असे आणि त्याने नजराण्यांना आळा घातला. राजवाड्याची मागणी आटली, बाजारात माल आधीच साचला होता, आणि लंडनचा हा धंदा पाहता पाहता ओसरला. पुढे १८६० मध्ये इंग्रज आणि फ्रेंच फौजांनी युआनमिंगयुआन लुटून जाळला, तेव्हा तेथील घड्याळे नष्ट झाली किंवा सैनिकांच्या सामानातून युरोपात परत आली. आज पाश्चात्त्य लिलावांत आणि संग्रहांत दिसणाऱ्या प्रत्येक घड्याळामागे हीच वाट असते असे नाही, कारण काही कधी चीनला पोहोचलीच नव्हती. तरी एखाद्या घड्याळाचा १८६० च्या आधीचा ठावठिकाणा विचारणे हा प्रत्येक प्रेक्षकाचा हक्क आहे.

प्रश्न : त्या काळच्या चिनी कालगणनेशी या घड्याळांचा मेळ होता का?

उत्तर : नव्हता. चीनमध्ये अहोरात्राचे बारा भाग मानत, म्हणजे एक भाग आपल्या दोन तासांचा. घड्याळांच्या तबकड्या मात्र बहुतेक युरोपीय पद्धतीच्या, रोमन आकड्यांच्याच राहिल्या. दरबारी लोक दोन्ही पद्धतींची सांगड सहज घालत, आणि या भव्य घड्याळांकडे कोणी वेळ पाहायला जातही नसे.

प्रश्न : इंग्रजी घड्याळ आणि चिनी बनावटीचे घड्याळ यांतील फरक कसा ओळखावा?

उत्तर : नुसते बाहेरून पाहून ओळखणे कठीण आहे, कारण ग्वांगझौचे कारागीर फार लवकर तयार झाले. इंग्रजी घड्याळे दुरुस्त करता करता त्यांनी ती घडवण्याची विद्या आत्मसात केली आणि १७४९ चा तो हुकूम निघाला तेव्हाही त्यांचा माल दरबारापर्यंत गेलेलाच होता. त्यांच्या घड्याळांत मंदिराच्या किंवा मंडपाच्या आकाराचा सांगाडा, दीर्घायुष्याची शुभचिन्हे आणि निळ्या, हिरव्या, पिवळ्या रंगांची पारदर्शक मीनाकारी असते. मीन्याखाली चमकता वर्ख असल्यामुळे रंग आतून उजळल्यासारखे वाटतात. काहींच्या तबकडीवर किंवा मागच्या पत्र्यावर इंग्रजी अक्षरांसारखी नक्षी असते, पण वाचू गेल्यास शब्द लागत नाही. बीजिंगच्या शाही कारखान्यातील घड्याळे निराळी. तेथे जेझुइट यंत्रज्ञ आणि चिनी कारागीर एकत्र काम करीत. ही घड्याळे पुष्कळदा रक्तचंदनाच्या गडद लाकडाच्या भव्य पेटीत बसवलेली, अधिक संयत असतात आणि तबकडीवर छिएनलोंगच्या राजवटीची मुद्रा असते.

खरा निवाडा आत होतो. इंग्रजी यंत्रात दोन जाड पितळी पत्रे, त्यांना जोडणारे सुबक खांब आणि फ्यूझीची साखळी दिसते. कमान बाहेर काढली तर तिच्यावर कमान बनवणाऱ्याचे नाव व साल खरवडून लिहिलेले कित्येकदा सापडते, आणि तबकडीवरील नावापेक्षा हा ओरखडा अधिक विश्वासाचा असतो. मात्र कमान बदलली जाऊ शकते, हेही लक्षात ठेवावे. शिवाय लंडनचे यंत्र आणि ग्वांगझौची पेटी असा संसार केलेली घड्याळेही आहेत. अशा घड्याळाला बनावट म्हणणे मला पटत नाही. त्या काळी ती सरळ आणि प्रतिष्ठित रीत होती, आणि दोन गावांच्या कारागिरांनी एका वस्तूवर काम केले यात त्या वस्तूचा कमीपणा नाही.

प्रश्न : संग्रहालयांत ही घड्याळे बहुतेक वेळा बंदच का ठेवतात? चालू ठेवली तर लोकांना अधिक आनंद होणार नाही का?

उत्तर : आनंद होईल, यात शंका नाही, आणि गाणे न ऐकता हे घड्याळ पाहणे अपुरेच आहे, असे माझेही मत आहे. २०२४ मध्ये लंडनच्या विज्ञान संग्रहालयाने राजवाडा संग्रहालयातील २३ घड्याळांचे प्रदर्शन भरवले, तेव्हा तेवढ्यासाठी त्यांतील लंडनची यंत्रे पुन्हा लंडनमध्ये आली. अशा ठिकाणी यंत्र चालतानाचे चित्रण आणि ध्वनी शेजारी ठेवला, तर मूळ वस्तूला धक्का न लावता तिचे काम कळते, आणि हा मार्ग मला सर्वांत रास्त वाटतो.

चालवण्यातला धोका खरा आहे. जुने तेल सुकून चिकट होते, त्यात धूळ बसते आणि ते मिश्रण धुऱ्यांना कानशीसारखे घासू लागते. पूर्ण भरलेली कमान तुटली किंवा साखळीची कडी सुटली, तर साठलेला सारा जोर एका क्षणात चक्रांवर येतो आणि दातांची रांगच्या रांग मोडते. मोडलेला दात नवा बसवता येतो, पण मग तेवढा भाग अठराव्या शतकाचा राहत नाही. आकृतींचे सांधे, रंग आणि जुने कापड तर याहून नाजूक असते.

राजवाडा संग्रहालयात दुरुस्तीची परंपरा छिंग या छिएनलोंगच्या घराण्याच्या दरबारातील घड्याळ कारखान्यापासून गुरुशिष्य पद्धतीने चालत आलेली आहे आणि २०१४ मध्ये चीनने या विद्येला राष्ट्रीय अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले. तेथील कारागीर यंत्र पूर्ण सोडवतात, प्रत्येक भागाची नोंद ठेवतात, जुना मेणचट थर काढतात, वाकलेले सरळ करतात आणि बदलण्यावाचून गत्यंतर नसेल तेवढेच बदलतात. एका मोठ्या घड्याळाचे हजाराहून अधिक भाग असू शकतात, त्यामुळे काम महिनोन्‌महिने चालते. सर्वांत अवघड असते ते शेवटचे जुळवणे : चक्रे फिरतात, पण पक्ष्याची चोच गाण्याच्या चुकीच्या सुरावर उघडते, म्हणून सारी मालिका पुन्हा सोडवावी लागते.

ज्यांच्याकडे असे एखादे जुने गाणारे यंत्र आहे, त्यांनी काही वर्षे बंद असलेल्या यंत्राला चावी देऊ नये, काटे उलटे फिरवू नयेत आणि गाणे मधेच थांबवण्यासाठी पंख्याला बोट लावू नये. मुलामा नव्याने चढवून घेण्याचा मोह तर कटाक्षाने टाळावा. पाऱ्याच्या जुन्या मुलाम्याचा मऊ रंग विजेच्या मुलाम्याला येत नाही, आणि पॉलिश करताना घासून गेलेले सोने व कोरीव रेषा परत मिळत नाहीत. काचेच्या कांड्यांपैकी एखादी तुटली असेल तर तिचे तुकडे टाकून न देता जपून ठेवावेत. नवी कांडी करताना पीळ किती आणि कोणत्या बाजूचा होता, हे त्या तुकड्यांवरूनच कळते.